अकरा ठिकाणी तोच रेजेक्स: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं जावामधल्या व्हॅलिडेशनबद्दल, म्हणजे आत येणारी माहिती नियमात बसते का ते तपासण्याबद्दल, होती. ती एकत्रच घेते. बाकीची पुढच्या अंकात. कोडमधली नावं नेहमीप्रमाणे देवनागरीत छापली आहेत, तुमच्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

प्रश्न: नमस्कार मॅडम. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला सहा आकडी कोड असतो आणि त्यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. हा कोड अकरा वेगवेगळ्या डीटीओंमध्ये (माहिती इकडून तिकडे नेणाऱ्या साध्या क्लासमध्ये) येतो. प्रत्येक ठिकाणी @पॅटर्न लावून तोच रेजेक्स (मजकुराचा आकार सांगणारा साचा) डकवलेला आहे. पडताळणीचा आकडा मात्र दोनच सर्व्हिस क्लासमध्ये तपासला जातो. मी स्वतःचं अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची @ ने सुरू होणारी खूण) करून पाहिलं, तर आधी ‘मेसेज नाही’, मग ‘ग्रुप्स नाही’, मग ‘पेलोड नाही’ अशा एकामागून एक एरर आल्या. इतका खटाटोप करण्यासारखं हे काम आहे का?

उत्तर: आहे, आणि का ते तुम्हीच लिहिलं आहे. अकरा ठिकाणी कोडचा आकार तपासला जातो आणि दोनच ठिकाणी आकडा. रेजेक्स पुन्हा पुन्हा डकवल्याने फाइल लांबते, तो त्रास किरकोळ. खरा तोटा असा की ‘वस्तूचा कोड बरोबर कधी म्हणायचा?’ या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तुमच्या प्रकल्पात एका जागी कुठेच लिहिलेलं नाही. उद्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने ते कुठे शोधायचं? तुमच्या अ‍ॅनोटेशनला @वस्तूकोड हे नाव एकदा पडलं, की तिला त्या नावावर क्लिक करून थेट नियमापर्यंत जाता येतं. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर ते नाव.

आधी त्या तीन एररचं पाहू. अ‍ॅनोटेशन जावात २००४ साली, जावा ५ बरोबर आली. त्यांच्यावर उभं राहिलेलं बीन व्हॅलिडेशनचं प्रमाणक २००९ साली पक्कं झालं, जेएसआर ३०३ या क्रमांकाने. कन्स्ट्रेंट, म्हणजे तपासणीचा नियम, म्हणवून घेणाऱ्या प्रत्येक अ‍ॅनोटेशनमध्ये मेसेज, ग्रुप्स आणि पेलोड हे तीन घटक असलेच पाहिजेत, असं त्या प्रमाणकातच आहे. मेसेज म्हणजे चूक झाल्यावर दाखवायचा मजकूर. ग्रुप्स म्हणजे हा नियम कोणत्या प्रसंगी लावायचा ते. नोंद नवीन करताना एक गट, ती बदलताना दुसरा. पेलोड म्हणजे नियमाला चिकटवलेली जादा माहिती, जशी ही चूक अडवणारी आहे की नुसती सूचना आहे. शेवटच्या दोघांची डिफॉल्ट किंमत रिकामा अ‍ॅरे ठेवा आणि पुढे जा. पेलोड मी इतक्या वर्षांत एकदाच वापरला आहे, पण ग्रुप्स मात्र कधी ना कधी लागतातच.

मग तुमच्या अ‍ॅनोटेशनच्या डोक्यावर तीन अ‍ॅनोटेशन बसवायची. @टार्गेट सांगतं की हे कुठे कुठे लावता येईल. त्यात फील्ड आणि पॅरामीटर तर घालाच, पण टाइप-यूजही घाला. २०१७ च्या बीन व्हॅलिडेशन २.० पासून लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर नियम लावता येतो, म्हणजे लिस्ट<@वस्तूकोड स्ट्रिंग> असं लिहिता येतं. तुमच्या अकरापैकी एखाद्या डीटीओत कोडची यादी असणारच. @रिटेन्शन रनटाइम ठेवायचं. ते विसरलं की काय होतं ते पुढच्या पत्रात येईलच. आणि @कन्स्ट्रेंटमध्ये व्हॅलिडेटर क्लासचं नाव द्यायचं.

खरं काम त्या क्लासमध्ये. कन्स्ट्रेंट-व्हॅलिडेटर हा इंटरफेस घ्यायचा, त्याला दोन प्रकार सांगायचे (तुमचं अ‍ॅनोटेशन आणि स्ट्रिंग) आणि इझव्हॅलिड ही एकच मेथड लिहायची. तुमचा पडताळणीचा हिशोब नेमका काय आहे ते पत्रात नाही. म्हणून नेहमी दिसणारा एक हिशोब धरते: पहिल्या पाच आकड्यांना ओळीने ३, १, ३, १, ३ ने गुणायचं, बेरीज करायची आणि शेवटचा आकडा मिळवल्यावर एकूण दहाच्या पटीत यायला हवी.

४०७२६७ हा कोड घ्या. १२ अधिक ० अधिक २१ अधिक २ अधिक १८ म्हणजे ५३. त्यात शेवटचे ७ मिळवले की ६०. कोड बरोबर. आता टाइप करणाऱ्याकडून ० आणि ७ ची अदलाबदल झाली, ४७०२६७ असं आलं. बेरीज ३९, सात मिळवून ४६. चूक पकडली गेली. पण त्याच कोडमध्ये ७ आणि २ ची अदलाबदल करून बघा: ४०२७६७. बेरीज ४३, सात मिळवून ५०. निसटली! शेजारच्या दोन आकड्यांत बरोबर पाचाचा फरक असेल तर हा हिशोब आंधळा असतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी काढलेली रीत (पेटंट १९६० चं) यापेक्षा बारीक आहे. शेजारच्या अदलाबदलींपैकी फक्त ०९ आणि ९० ची तिच्यातून निसटते. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की उद्या तुमच्याकडे कुणी ‘आपण लूनच्या रीतीवर जाऊ’ म्हणालं, तर बदल एका क्लासमध्ये करायचा की अकरा डीटीओ आणि दोन सर्व्हिस उघडत बसायचं, हे आज ठरतं आहे.

व्हॅलिडेटर लिहिताना चार ठिकाणी पाय घसरतो. मी कोड रिव्ह्यूत हेच चार प्रकार पुन्हा पुन्हा पाहते.

पहिला: व्हॅल्यू नल असेल, म्हणजे काहीच आलेलं नसेल, तर ट्रू परत करा. विचित्र वाटेल, पण संकेत तसाच आहे आणि तो शहाणपणाचा आहे. ‘कोड असलाच पाहिजे’ हे सांगण्याचं काम @नॉटनलचं. तुमचं अ‍ॅनोटेशन फक्त एवढंच म्हणतं की कोड असेल तर तो बरोबर असावा. दोन्ही गोष्टी एकात कोंबल्या, की शोधाच्या फॉर्मवर, जिथे कोड ऐच्छिक आहे, तिथे @वस्तूकोड लावता येत नाही आणि मग कुणीतरी तिथे पुन्हा रेजेक्स डकवतं.

दुसरा: इझव्हॅलिडमधून एक्सेप्शन बाहेर पडू देऊ नका. चार अक्षरी स्ट्रिंग आली आणि तुम्ही सहावा आकडा मागितला, तर ते एक्सेप्शन व्हॅलिडेशनच्या एक्सेप्शनमध्ये गुंडाळून वर जातं. वापरणाऱ्याला ‘कोड चुकीचा’ ऐवजी सर्व्हर कोसळल्याचा ५०० दिसतो. ‘लांबी तर @पॅटर्न तपासतंच आहे’ यावर विसंबू नका, कारण एकाच फील्डवरचे नियम कोणत्या क्रमाने चालतील याची हमी नसते.

तिसरा: बेरजेसाठी क्लासमध्ये फील्ड ठेवू नका, मेथडमध्ये लोकल व्हेरिएबल ठेवा. व्हॅलिडेटरचा एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकदम वापरतात. बेरीज फील्डमध्ये ठेवली की तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं आणि गर्दीच्या वेळी चांगले कोड मधूनच नाकारले जातात. असा दोष शोधायला दिवसच्या दिवस जातात.

चौथा आपल्यासारख्यांना जवळचा आहे. आकडा ओळखायला कॅरेक्टर-इझडिजिट वापरलंत, तर देवनागरी ‘४’ हाही आकडा म्हणून पास होतो, कारण युनिकोडच्या दृष्टीने तो आकडाच आहे. नंतर त्यातून रोमन शून्य वजा केलंत की भलतीच संख्या येते. जावाच्या रेजेक्समधला बॅकस्लॅश-डी मात्र, वेगळं काही सांगितलं नाही तर, फक्त रोमन आकडे घेतो. देवनागरी आकडे स्वीकारायचे की नाहीत ते आधी ठरवा आणि मग त्याप्रमाणे लिहा.

तुमचा जुना रेजेक्स फेकून द्यायची गरज नाही. तो @पॅटर्न अकरा डीटीओंवरून काढा आणि @वस्तूकोडच्या व्याख्येवरच लावा. अ‍ॅनोटेशनवर अ‍ॅनोटेशन रचायची सोय पहिल्यापासून आहे. सोबत @रिपोर्ट-अ‍ॅज-सिंगल-व्हायोलेशन लावलं, की वापरणाऱ्याला ‘पॅटर्न जुळत नाही’ आणि ‘कोड चुकीचा’ अशी दोन वाक्यं न दिसता तुमचं एकच दिसतं. ते वाक्यही जावाच्या फाइलमध्ये लिहू नका. मेसेजमध्ये महिरपी कंसात एक की द्या आणि मजकूर व्हॅलिडेशन-मेसेजेस या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा. जावा ९ पासून (२०१७) अशा फायली यूटीएफ-८ म्हणून वाचल्या जातात, त्यामुळे मराठी मजकूर सरळ लिहिता येतो. पूर्वी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहावा लागायचा. तसल्या फायली मी लिहिल्या आहेत. दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य वाचून तपासणं अशक्य व्हायचं.

एक कळकळीची विनंती. अकरा रेजेक्स काढून टाकण्याआधी ते एकाखाली एक लिहून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आम्ही अशीच सफाई केली, तेव्हा नऊपैकी एका रेजेक्समध्ये शेवटी एक स्पेस चालत होती. मी ती टायपिंगची चूक समजून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी एका स्कॅनरवरून येणारा प्रत्येक कोड नाकारला जाऊ लागला. ते यंत्र कोडनंतर स्पेस पाठवायचं आणि कुणीतरी कधी काळी ती तिथे मुद्दाम चालवून घेतली होती. ती स्पेस आम्ही नंतर कोड आत घेतानाच कापली, नियमात पुन्हा शिरू दिली नाही. पण आधी विचारलं असतं तर गोदामातल्या माणसांची अख्खी सकाळ वाया गेली नसती.

प्रश्न: ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी @सभासदक्रमांक असं अ‍ॅनोटेशन केलं. कंपाइल होतं, चालतं, पण काहीही टाकलं तरी स्वीकारलं जातं. एररसुद्धा येत नाही. दोन रात्री गेल्या. काय चुकत असेल?

उत्तर: तुझा व्हॅलिडेटर बहुधा बरोबरच असेल, त्याला कुणी बोलावतच नसेल. अ‍ॅनोटेशन म्हणजे फील्डवर चिकटवलेली चिठ्ठी. ती स्वतः काहीच करत नाही. कुणीतरी येऊन ती वाचावी लागते, आणि वाचणारा आलाच नाही तर तक्रार करायलाही कुणी नसतं. म्हणून तुला शांतता दिसते आहे.

या क्रमाने बघ. रिटेन्शन रनटाइम लिहिलं आहेस का? न लिहिल्यास जावा ‘क्लास’ ही पातळी धरते, म्हणजे चिठ्ठी क्लास फाइलमध्ये राहते पण प्रोग्राम चालताना दिसत नाही. मग कंट्रोलरच्या (वेबवरून आलेली विनंती घेणाऱ्या क्लासच्या) पॅरामीटरवर @व्हॅलिड आहे का? सभासद हा दुसऱ्या ऑब्जेक्टच्या पोटात असेल तर त्या फील्डवरही @व्हॅलिड लागतं, नाहीतर तपासणी वरच्या पातळीवरच थांबते. स्प्रिंग बूट वापरत असशील तर व्हॅलिडेशनचा स्टार्टर (लागणाऱ्या लायब्ररींचा गठ्ठा) वेगळा जोडला आहेस का? २०२० मधल्या २.३ आवृत्तीपासून तो वेबच्या स्टार्टरबरोबर आपोआप येत नाही, आणि जुने धडे बघून शिकणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

आणि सगळ्यात शेवटी इम्पोर्टच्या ओळी वाच. ‘जावाएक्स’ने सुरू होतात की ‘जकार्ता’ने? जकार्ता बीन व्हॅलिडेशन ३.० मध्ये, २०२० साली, पॅकेजचं नावच बदललं. स्प्रिंग बूट ३ (२०२२) पासून नवीनच नाव लागतं. जुन्या नावाचं @कन्स्ट्रेंट लावलेलं अ‍ॅनोटेशन नव्या इंजिनाच्या लेखी कन्स्ट्रेंटच नसतं. ते त्याच्याकडे दुर्लक्ष करतं आणि पुढे जातं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या एका कामात सगळी स्वतःची अ‍ॅनोटेशन एका सामायिक लायब्ररीत होती. मुख्य प्रकल्प नव्या आवृत्तीवर नेला, लायब्ररी तशीच राहिली. दुसऱ्याच कुठल्या तरी डिपेंडन्सीमागून जुन्या नावांचं जार (लायब्ररीची फाइल) येत होतं, त्यामुळे बिल्ड हिरवा. @नॉटनल आणि @साइझ नव्या पॅकेजमधले, ते नीट चालत होते, म्हणून कुणाला शंका आली नाही. आमची स्वतःची चौदा अ‍ॅनोटेशन मात्र त्या दिवसापासून मुकी झाली. तीन आठवड्यांनी अहवालात अर्धवट क्रमांक दिसले तेव्हा कळलं. नोंदी दुरुस्त करायला दोघीजणी बसलो होतो, एकेक नोंद मूळ कागदाशी ताडून. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही.

आमच्या टेस्ट होत्या की! पण त्या व्हॅलिडेटर क्लास थेट न्यू करून इझव्हॅलिडला बोलावत होत्या. हिशोब बरोबर आहे एवढंच त्यांनी सिद्ध केलं. चिठ्ठी कुणी वाचतं का, हे तपासलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक अ‍ॅनोटेशनसाठी मी एक टेस्ट अशी लिहिते: व्हॅलिडेशनची डिफॉल्ट फॅक्टरी घ्यायची, तिच्याकडून व्हॅलिडेटर घ्यायचा, मुद्दाम चुकीचा क्रमांक भरलेला ऑब्जेक्ट त्याच्या हाती द्यायचा आणि बरोबर एक तक्रार परत येते का ते बघायचं. शून्य आल्या तर टेस्ट पडली पाहिजे. फॅक्टरी तयार करायला वेळ लागतो, म्हणून ती टेस्ट क्लासमध्ये एकदाच बनव. त्याशिवाय एक टेस्ट कंट्रोलरमार्फत: चुकीची विनंती पाठवली की ४०० यायला हवा. या दोन टेस्ट तू आजच लिहिल्यास, तर तुझी चूक वरच्यापैकी कोणती आहे ते अर्ध्या तासात कळेल. सापडली की मला जरूर कळव.

प्रश्न: मॅडम, @अद्वितीयईमेल असं अ‍ॅनोटेशन करून त्यात रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा क्लास) इंजेक्ट केली आहे आणि ईमेल आधीच नोंदलेला आहे का ते डेटाबेसमध्ये बघतो. स्प्रिंगमध्ये चालतंही. आमचे वरिष्ठ मात्र नाराज आहेत. कुणाचं बरोबर?

उत्तर: मी तुमच्या वरिष्ठांच्या बाजूने आहे. इंजेक्शन चालतं हे खरं, स्प्रिंग तेवढी सोय देतं. पण दोन माणसांनी एकाच क्षणी तोच ईमेल भरला तर दोघांनाही ‘मोकळा आहे’ असं उत्तर मिळेल आणि दोन्ही नोंदी होतील. ही खात्री फक्त डेटाबेसमधला युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेणारा) देऊ शकतो. तो आहे का, हे आधी पाहा. नसेल तर हे उत्तर वाचायचं थांबवून तो लावा.

तो आहे असं धरलं, तरी अडचणी आहेत. नोंद बदलताना त्याच माणसाचा जुना ईमेल सापडतो आणि ‘आधीच घेतलेला’ म्हणून त्यालाच अडवलं जातं. हे अ‍ॅनोटेशन एन्टिटीवर (डेटाबेसमधल्या नोंदीच्या क्लासवर) लावलंत तर आणखी वाईट. जेपीए (नोंदी डेटाबेसमध्ये ठेवण्याची जावाची सोय) साठवताना फ्लशच्या वेळी, म्हणजे बदल डेटाबेसकडे पाठवताना, व्हॅलिडेशन पुन्हा चालवतं. तुमची क्वेरी पुन्हा फ्लश मागते, त्यातून पुन्हा व्हॅलिडेशन, आणि शेवटी स्टॅक भरून प्रोग्राम पडतो.

स्वतःच्या हातात आलेली किंमत बघून जे सांगता येतं, तेवढंच मी अ‍ॅनोटेशनमध्ये ठेवते. ‘हा ईमेलसारखा दिसतो’ हे तिथे. ‘हा आधी कुणाचा नाही’ हे सर्व्हिसमध्ये विचारायचं, आणि इंडेक्सने नकार दिला की तो पकडून वापरणाऱ्याला तेच सभ्य वाक्य दाखवायचं. फॉर्म भरताना लगेच सूचना मिळावी म्हणून डीटीओवर ही तपासणी ठेवणारे लोक आहेत. ठेवायची तर ठेवा, पण ती सूचना समजा, पहारा नव्हे.

प्रश्न: सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेआधी हवी. दोन फील्डवरचा नियम एका फील्डच्या अ‍ॅनोटेशनमध्ये कसा बसवायचा?

उत्तर: नाही बसत. तो क्लासवर लावायचा. टार्गेटमध्ये टाइप द्या आणि व्हॅलिडेटरला स्ट्रिंगऐवजी तो क्लास द्या. पुन्हा वापरता यावं म्हणून मी दोन मेथडचा एक छोटा इंटरफेस करते, कालावधी नावाचा, सुरुवात आणि शेवट देणारा. मग रजेचा अर्ज असो की आरक्षण, तो इंटरफेस घेतलेल्या कुठल्याही क्लासवर @योग्यकालावधी चालतं. दोन्हींपैकी एक तारीख नल असेल तर ट्रू परत करा, कारण ती भरली नाही ही तक्रार दुसऱ्याची आहे.

क्लासवरच्या नियमाची तक्रार मात्र पूर्ण ऑब्जेक्टच्या नावाने येते आणि फॉर्मवर ती कोणत्या चौकटीखाली दाखवायची ते कळत नाही. म्हणून इझव्हॅलिडला मिळणाऱ्या कॉन्टेक्स्टवर आधी डिफॉल्ट तक्रार बंद करा, मग स्वतःची तक्रार बांधा, तिला शेवटच्या तारखेच्या फील्डचं नाव जोडा आणि नोंदवा. पहिली पायरी राहिली तर दोन तक्रारी दिसतात.

तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात अशीच एक तक्रार बांधताना वापरणाऱ्याने टाइप केलेली किंमत प्लसने मेसेजमध्ये जोडली आहे. ती जोडणी आजच काढा. तो मजकूर साचा म्हणून वाचला जातो, आणि त्यात डॉलर व महिरपी कंस घालून पाठवलेली एक्सप्रेशन तुमच्या सर्व्हरवर चालवली जाऊ शकते. अशा रीतीने सर्व्हरवर कोड चालवता येतो हे प्रत्यक्ष उत्पादनांमध्ये सापडलेलं आहे. हायबर्नेट व्हॅलिडेटर या इंजिनाने ६.२ पासून अशा हाताने बांधलेल्या तक्रारींसाठी एक्सप्रेशन मुळातच बंद ठेवली, पण तुमच्या पत्रातली आवृत्ती ६.० आहे. किंमत दाखवायचीच असेल तर साच्यात नाव असलेली जागा ठेवा आणि हायबर्नेटच्या कॉन्टेक्स्टवर मेसेज-पॅरामीटर म्हणून ती वेगळी द्या. आणि प्रकल्पात अजून कुठे असं जोडलेलं आहे ते शोधायचं, तर बिल्ड-कन्स्ट्रेंट-व्हायोलेशन-विथ-टेम्प्लेट या मेथडचं नाव सर्च करा. प्रत्येक ठिकाणी कंसात काय दिलं आहे ते डोळ्यांनी वाचा.